आधी स्क्रूचं डोकं बघा, मग स्क्रू ड्रायव्हर उचला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गणपती जवळ आले की आपल्या पेपरात हायवेचे खड्डे, रेल्वेच्या जादा गाड्या आणि तिकिटं यावर भरपूर पत्रं येतात आणि ती यायलाच हवीत. पण याच दिवसांत आमच्यासारख्या रिपेरिंगवाल्यांकडे जी गर्दी होते तिच्यामागचं कारण कोणी लिहीत नाही म्हणून आज मी लिहितोय. मालवण तालुक्यात माझं दुकान आहे, पंप, मिक्सर, पंखे आणि होडीच्या मागे बाहेरून टांगायची आऊटबोर्ड इंजिनं असं सगळंच येतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे जुलैच्या शेवटाला सगळ्यांना इंजिन एकदमच सर्व्हिस करून हवं असतं आणि ती घाई सरते न सरते तोच मुंबईवाल्यांची वर्षभर बंद असलेली घरं उघडायला लागतात, मग कुठे पंखा फिरत नाही, कुठे बोर्डात ठिणग्या उडतायत, कुठे दाराची कडी बसत नाही. कामं वेगवेगळी पण सुरुवात एकच, "भाऊ, कितीय केला तरी ह्यो स्क्रू निघना नाय."

आणि लगेच पुढचं वाक्य, खाऱ्या वाऱ्यानं गंजला असणार.

खाऱ्या वाऱ्याला दोष द्यायला आपण सगळेच तयार असतो. गंज चढतो हे खरंच आहे, किनाऱ्यावर राहायचं तर तो चढणारच, चार महिने पाऊस आणि उरलेले आठ महिने दमट हवा. पण माझ्याकडे जे न निघणारे स्क्रू येतात त्यातल्या बहुतेकांचं डोकं गंजानं गेलेलं नसतं, चुकीचा स्क्रू ड्रायव्हर घालून घालून खाल्लेलं असतं. डोकं शाबूत असेल तर कितीही गंजलेला स्क्रू तेल, हातोडी आणि थोडी सबुरी यांनी बहुतेक वेळा निघतो. डोकं एकदा गुळगुळीत झालं की मग कालचा नवा कोरा स्क्रू का असेना, तो अर्धा दिवस खातो आणि गिऱ्हाईकाला वाटतं एका स्क्रूचे एवढे पैसे कसले.

आपल्याकडे घरोघरी काय असतं बघा. एक टेस्टर, एक तो उलटसुलट करायचा दुतोंडी स्क्रू ड्रायव्हर (एका बाजूला चपटा दुसऱ्या बाजूला स्टार) आणि ड्रॉवरमध्ये कुठेतरी मुलांच्या सायकलबरोबर आलेला पत्र्याचा पान्हा. एवढ्यावर चष्म्यापासून पंपापर्यंत सगळं उघडायचं. स्टार म्हटलं की स्टार, त्याला नंबर असतो हेच कित्येकांच्या गावी नसतं आणि यात त्यांची काही चूक नाही, कारण विकणारा सांगत नाही आणि शाळेत कोणी शिकवत नाही.

तर हा जो चार पाकळ्यांचा स्टार आपण म्हणतो तो फिलिप्स. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातल्या हेन्री फिलिप्स यांनी १९३६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि जनरल मोटर्सनं आपल्या कॅडिलॅक गाड्या जोडायला तो वापरायला घेतला, कारण टोक आपोआप मधोमध बसतं, चपट्यासारखं बाजूला सरकत नाही, त्यामुळे कारखान्यात मशीननं भराभर लावता येतो. पण या खाचेच्या भिंती उभ्या सरळ नसतात, आत निमुळत्या होत जातात. म्हणून तुम्ही जोरात पिळलं की टोक आपणहून वर सरकतं आणि बाहेर येताना पाकळ्यांच्या कडा खरवडून येतं. तो "कर्रर्र" असा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा आहे. तो आवाज आला की तिथेच थांबायचं. पण आपण काय करतो, अजून जोर लावतो, मग बायकोला टॉर्च धरायला सांगतो आणि अजून जोर लावतो, तोपर्यंत खाचेची वाटी झालेली असते.

फिलिप्समध्ये शून्य, एक, दोन, तीन असे नंबर येतात, दांड्यावर पीएच १, पीएच २ असं कोरलेलं असतं. घरातलं बहुतेक काम दोन नंबरचं. साधारण तीन ते पाच मिलिमीटर जाडीचे लाकडाचे आणि मशीनचे स्क्रू म्हणजे दोन नंबर, त्याहून बारीक असले, खेळणं, रिमोट, छोटा अडॅप्टर, तर एक किंवा शून्य, आणि दाराच्या मोठ्या बिजागऱ्या किंवा पंपाचं जाड कव्हर असेल तर तीन. आमच्याकडे येणारी निम्मी लफडी ही दोनच्या जागी एक नंबर घातल्यानं झालेली असतात. एक नंबर दोनच्या खाचेत जातो की, छान आत जातो, म्हणूनच माणूस फसतो. आत जातो पण भिंतींना टेकत नाही, फक्त तळाशी थोडासा अडकतो.

बघायची पद्धत अगदी सोपी आहे. स्क्रू सुटा असेल तर तो टोकावर बसवा आणि स्क्रू ड्रायव्हर आडवा धरा (लोहचुंबकवाला नको, तो काहीही पकडून ठेवतो). स्क्रू लोंबला नाही, पडला नाही तर माप बरोबर. स्क्रू आधीच बसलेला असेल तर टोक घालून न पिळता नुसतं इकडेतिकडे हलवायचं, खडखड लागली की नंबर बदलायचा. आणि सुरुवात नेहमी मोठ्यापासून, तीन बसला नाही तर दोन, दोन बसला नाही तर एक. छोट्यापासून सुरू केलं की पहिलाच आत जातो आणि आपल्याला वाटतं जमलं. मग फिरवताना आधी दाब, नंतर पीळ. काढताना तर अर्ध्याहून जास्त ताकद दाबण्यात गेली पाहिजे, दांडा स्क्रूच्या अगदी सरळ रेषेत पाहिजे, मनगट वाकडं करून कोपऱ्यातून पिळला की चार पाकळ्यांपैकी दोनच काम करतात.

मॉड्युलर किचनवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. ट्रॉली आणि कपाटाच्या त्या क्लिपवाल्या बिजागऱ्या असतात ना, दार वरखाली अॅडजस्ट करायच्या, त्यांचे स्क्रू नीट बघा. मोठ्या फुलीच्या मधे मधे अजून चार बारीक रेघा तिरक्या मारलेल्या दिसतील. तो फिलिप्स नाही, पोझिड्राइव्ह, त्याला पीझेड २ लागतो. त्याच्या भिंती जवळजवळ सरळ असतात म्हणून तो वर सरकत नाही, पण त्यात आपला नेहमीचा पीएच २ घातला तर तो डुलतो आणि खाच खराब करतो. एमसीबीच्या (मेन बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) टर्मिनलवरसुद्धा, म्हणजे तार जोडायच्या जागी, बऱ्याचदा असल्याच जातीची खाच असते, चपटा आणि फुली मिळून. सहा पाकळ्यांचा टॉर्क्स आता लॅपटॉप, मिक्सर, नवीन बाइक सगळीकडे येतो, तो १९६७ पासूनचा आहे, त्याला टी १०, टी १५, टी २० असे नंबर. त्यात ॲलन की (सहा कोनांची वाकडी चावी) घुसवून फिरवणारे महाभाग मी बघितलेत, कृपा करून ते करू नका, टॉर्क्सचा सेट आता तालुक्याच्या गावात मिळतो.

आता होडीवाल्यांकडे येतो कारण नुकसान खरं तिथे होतं. आपल्या किनाऱ्यावर बरीचशी आऊटबोर्ड इंजिनं जपानी आहेत. जपानी मशीनवर जी फुलीची खाच असते ती दिसायला फिलिप्ससारखीच असली तरी फिलिप्स नसते, ती जेआयएस म्हणजे जपानी मापाची. खाच थोडी उथळ, आतले कोपरे जास्त काटकोनी. बऱ्याच स्क्रूंच्या डोक्यावर एका बाजूला बारीक टिंब मारलेलं असतं, ते टिंब दिसलं की समजायचं हा जपानी. यात आपला अमेरिकन मापाचा पीएच २ घातला की त्याचं टोक तळाला आधी टेकतं आणि पाकळ्या भिंतींपासून सुटून राहतात, म्हणजे कितीही दाबलं तरी बसतच नाही. कार्बोरेटरच्या (इंजिनात पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) बाऊलचे, म्हणजे त्याच्या खालच्या वाटीचे, स्क्रू हे सगळ्यात मोठे बळी. ते लहान, बॉडी अॅल्युमिनियमची, स्क्रू लोखंडाचा किंवा स्टीलचा, आणि मधे खारं पाणी. दोन वेगवेगळे धातू आणि खारं पाणी एकत्र आले की अॅल्युमिनियम झिजतं, आट्यांमध्ये पांढरी भुकटी साठते आणि ती स्क्रूला सिमेंटसारखी धरून ठेवते. अशा स्क्रूला पहिलाच प्रयत्न चुकीच्या टोकानं केलात तर तो गेलाच. ज्यांच्याकडे अजून यामाहाची आरएक्स १०० बाइक आहे त्यांनी तिच्या इंजिनाच्या साइड कव्हरचे स्क्रू बघावेत, तिथेही हाच प्रकार, १९९६ ला बंद झालेली गाडी पण तिचे खाल्लेले स्क्रू अजून माझ्या बाकावर येतात.

जेआयएसचे स्क्रू ड्रायव्हर वेगळे मिळतात, जपानच्या व्हेसल कंपनीचे ऑनलाइन मागवता येतात. आणि एक चांगली गोष्ट, जेआयएसचं टोक साध्या फिलिप्स स्क्रूतही नीट चालतं, उलटं चालत नाही, त्यामुळे होडीवाल्यानं एकच घ्यायचा तर हाच घ्यावा. लगेच मिळत नसेल तर चांगल्या स्टीलच्या पीएच २ चं अगदी शेवटचं टोक कानशीनं किंचित बसकं करायचं, जेमतेम अर्धा मिलिमीटर, म्हणजे ते तळाला टेकायच्या आधी पाकळ्या भिंतींना लागतात. आमच्याकडे असा घासलेला एक वेगळाच ठेवलेला आहे आणि त्याला रंगाचा पट्टा मारलाय, दुसऱ्या कामाला कोणी उचलू नये म्हणून.

अडकलेला स्क्रू काढायचा क्रम पण सांगतो कारण इथेच घाई होते. पहिलं खाच साफ करा, तारेच्या ब्रशनं किंवा टाचणीनं, रंग-गंज-मीठ काय असेल ते. मग तेल. गंज सोडवायचा स्प्रे मिळतो तो बरा, डब्ल्यूडी ४० चालतं (ते मुळात १९५३ मध्ये अमेरिकेत पाणी हटवण्यासाठी काढलेलं आहे, त्यामुळे त्याला वेळ द्यावा लागतो), काहीच नसेल तर रॉकेल. खोबरेल नको, ते जाड, आट्यांत उतरत नाही. रात्रभर ठेवा. सकाळी बरोबर मापाचा स्क्रू ड्रायव्हर खाचेत उभा धरून मुठीवर हातोडीनं दोन-चार बऱ्यापैकी ठोके द्या, यासाठी दांडा मुठीतून आरपार गेलेला आणि वर लोखंडी टोपी असलेला स्क्रू ड्रायव्हर पाहिजे, साध्या प्लॅस्टिकच्या मुठीवर मारलंत तर मूठ फुटेल. ठोक्यांनी गंजाची पकड सुटते आणि टोकही खोल बसतं. मग लगेच उलटं पिळू नका, आधी किंचित आवळायच्या दिशेला न्या. हे ऐकून लोक माझ्याकडे बघतच राहतात पण आवळताना गंज तुटतो आणि मग उलटा निघतो. तरी नाही निघाला तर हातोडीनं मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, ज्यात प्रत्येक ठोक्याला टोक आत दाबलं जातं आणि त्याच क्षणी थोडं फिरतं, दाब आणि पीळ एकत्र. हे हत्यार गॅरेजवाल्यांकडे असतं, महागही नाही, आणि मला वाटतं प्रत्येक बंदरात मच्छीमार सोसायटीनं एक तरी सामायिक घेऊन ठेवावं. गरम करायचं असेल तर सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर धरा, आणि पेट्रोल असलेल्या कार्बोरेटरजवळ यातलं काहीही नको, तो आधी काढून रिकामा करून बाहेर आणा. शेवटचा उपाय हॅकसॉ ब्लेडनं डोक्यात सरळ खाच पाडायची आणि जाड चपट्यानं काढायचा. परत लावताना मात्र आट्यांना मरीन ग्रीस लावल्याशिवाय लावू नका, पुढच्या जुलैत तुम्हीच स्वतःला धन्यवाद द्याल.

जुन्या घरांची गोष्ट निराळी. तिथे दारं सागाची नाहीतर फणसाची, बिजागऱ्या पितळेच्या, आणि स्क्रू सरळ खाचेचे. हे सरळ खाचेचे स्क्रू लोकांना सगळ्यात सोपे वाटतात, आणि तेच सगळ्यात जास्त खराब केले जातात. चपट्या स्क्रू ड्रायव्हरला दोन मापं असतात, रुंदी आणि जाडी, आपण फक्त रुंदी बघतो. टोक खाचेच्या लांबीइतकं रुंद पाहिजे, बाहेर आलं तर दाराला ओरखडे, आत राहिलं तर ताकद एका जागी येऊन पितळ सोलतं. आणि जाडी अशी पाहिजे की टोक खाचेत घट्ट उभं राहील. स्वस्तातल्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक पाचरीसारखं निमुळतं असतं, ते खाचेच्या फक्त वरच्या कडांना लागतं आणि पिळलं की वर येतं. शेवटचा भाग दोन्ही बाजूंनी समांतर असलेला मिळतो, तो घ्या.

बिजागरीवर वर्षानुवर्षं गणपतीच्या आधी ऑइलपेंट मारलेला असतो. त्या रंगानं खाच भरून गेलेली असते आणि वरून बघितलं तर खाच आहे असं वाटतं, पण टोक जेमतेम कागदाच्या जाडीएवढं आत जातं. तुटक्या हॅकसॉ ब्लेडचा तुकडा घ्या, त्याच्या कोपऱ्यानं खाच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खरवडा, रंगाच्या सालीखाली पिवळं पितळ चकाकायला लागेपर्यंत. मग डोक्याभोवती रंगाची जी गोल कडा धरलेली असते ती पण सुरीनं कापून घ्या. एवढं केलं की पन्नास वर्षांपूर्वीचा स्क्रूसुद्धा हातात येतो आणि पितळ असल्यानं आतून तो जसाच्या तसा असतो. असे स्क्रू फेकू नका, धुऊन परत लावा. नवीन पितळी स्क्रू लावायचा झाला तर गिरमिटानं आधी भोक पाडा, त्यात त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा पूर्ण घालून काढा म्हणजे लाकडात आटे पडतील आणि मग पितळी स्क्रूला मेण नाहीतर कपड्याचा साबण घासून तो बसवा. पितळ मऊ, सागात सरळ घालायला गेलात तर मानेत मोडतो. आपले जुने सुतार हे असंच करायचे.

आता जे फर्निचर होतंय त्यात मात्र सर्रास ते काळे स्क्रू वापरतात, जिप्समच्या सीलिंगचे. कोरड्या खोलीत जिप्सम बोर्ड लावायला ते उत्तम, त्यासाठीच केलेत. त्यावरचा काळा थर फॉस्फेटचा, तो आपल्या हवेत फार टिकत नाही, आणि स्क्रू कडक पण ठिसूळ असतो, पावसात लाकूड फुगलं की डोकं उडतं. खिडकी, दार, पडवीतलं बाकडं यांना ते नकोत. स्टेनलेस घ्या, आणि स्टेनलेसमध्येही फरक आहे. साधं ३०४ नंबरचं घरात ठीक, पण समुद्राच्या तोंडावर घर असेल किंवा होडीचं काम असेल तर ३१६, ज्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम नावाचा धातू असतो म्हणून ते मिठाला जास्त तोंड देतं. बोल्टच्या डोक्यावर ए२ असेल तर ३०४ च्या जातीचं, ए४ असेल तर ३१६ च्या. पण स्टेनलेसला स्टेनलेस मशीननं भराभर आवळू नका, आटे एकमेकांना धरतात आणि मग तो मागेही येत नाही पुढेही जात नाही.

पत्र्यांचंही थोडं सांगतो. ३ जून २०२० ला निसर्ग आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ झालं, त्यानंतर किती घरांवर नवे पत्रे चढले. ते स्क्रू षटकोनी डोक्याचे, बहुतेक आठ मिलिमीटरचा सॉकेट लागतो, पक्कडीनं आवळू नका. खालचा रबरी वायसर किंचित दबून कडेला जरासा फुगला की थांबायचं. चक्काचूर होईपर्यंत आवळला तर दोन उन्हाळ्यांत रबर फाटतो आणि पाणी आत.

विजेच्या कामाबद्दल मला कळकळीनं सांगायचंय. टेस्टर हा स्क्रू ड्रायव्हर नाही. त्याच्यात एक निऑनचा दिवा आणि एक मोठा रेझिस्टर असतो, तो रेझिस्टर तुमच्या अंगातून जाणारा करंट अगदी कमी ठेवतो म्हणून तुम्ही टोपीला बोट लावू शकता. त्याच टेस्टरनं तुम्ही बोर्डाचे आवळलेले स्क्रू पिळता, मूठ तडकते, आतले भाग हलतात, पावसाळ्यात त्या तड्यातून ओल जाते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच टेस्टरवर विश्वास ठेवून २३० व्होल्टच्या तारेला हात लावता. टेस्टर तपासायला ठेवा, आणि वापरायच्या आधी तो चालू असलेल्या पॉइंटवर पेटतो ना हे बघा. पिळायला वेगळा इन्सुलेटेड स्क्रू ड्रायव्हर घ्या, ज्याचा दांडासुद्धा टोकापर्यंत प्लॅस्टिकनं मढवलेला असतो आणि त्यावर दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्ट असं लिहिलेलं असतं. नुसती प्लॅस्टिकची मूठ म्हणजे इन्सुलेटेड नव्हे. आणि तो हातात असला तरी मेन स्विच बंद करूनच काम.

किनाऱ्यावरच्या घरात बोर्ड उघडला की टर्मिनलचे पितळी स्क्रू हिरवट पडलेले दिसतात. ते छोटे, साधारण तीन-चार मिलिमीटरचा चपटा लागतो. मोठा चपटा खाचेच्या वरच टेकवून फिरवला तर वाटतं आवळला, पण तार आत ढिली राहते. ढिली तार तापते, बोर्ड पिवळा पडतो, मग काळा, जळका वास यायला लागतो. गीझर आणि एसीच्या पॉइंटला तर हे हटकून होतं. घर उघडल्यावर पहिल्या दिवशीच मेन बंद करून वायरमनकडून मोठ्या पॉइंटचे स्क्रू नीट मापानं आवळून घ्या, सजावटीच्या माळा लावायच्या आधी.

एक गैरसमज खूप आहे की स्क्रू ड्रायव्हर जितका लांब तितकी ताकद जास्त. लांबीनं पीळ वाढत नाही, मुठीच्या जाडीनं वाढतो. लांब दांड्यानं सरळ धरायला सोपं जातं एवढंच. जाड, हातात भरणारी मूठ आणि मुठीखाली षटकोनी दांडा असेल तर तिथे पान्हा लावून दुप्पट जोर मिळतो. दांड्यावर क्रोम व्हॅनेडियम (हे कडक जातीचं स्टील) लिहिलेलं बघा. नाशिकची टपारिया वर्षानुवर्षं चांगलं हत्यार बनवते, आमच्या बाकावर तेच आहेत, पण कुठलाही घ्या, फक्त टोक बघून घ्या, चारही पाकळ्यांच्या कडा धारदार आणि सारख्या आहेत का.

आणि त्या स्क्रू ड्रायव्हरनं नारळाचे डोळे फोडणं, रंगाचे डबे उघडणं, भिंतीत छिद्र पाडणं हे सगळं बंद करा, त्यासाठी जुना एक वेगळा ठेवा. चपट्याचं टोक बोथट झालं तर कानशीनं चौकोनी करून घेता येतं. ग्राइंडरवर धरणार असाल तर क्षणभर धरून पाण्यात बुडवत राहा, टोक निळं झालं की स्टीलचं पाणी उतरलं, मग ते मऊ. फिलिप्सच्या कडा गोल झाल्या तर मात्र तो टाकूनच द्या, एक झिजलेला स्क्रू ड्रायव्हर घरातले सगळे स्क्रू खराब करतो.

संपादक महोदय, माझी विनंती हार्डवेअरच्या दुकानदारांना आहे की गिऱ्हाईक "एक स्टार द्या" म्हणालं तर कुठल्या स्क्रूसाठी एवढं विचारा, स्क्रू घेऊन यायला सांगा, काउंटरवर नंबर लिहिलेले चार नमुने टांगून ठेवा. आयटीआयमध्ये फिटर आणि वायरमनच्या पोरांना हे शिकवतात, पण ती पोरं शिकून बाहेर जातात आणि गावात राहतो तो ज्याला कोणी शिकवलं नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमानं, डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या, शाळेतल्या आठवी ते दहावीच्या मुलांना हातानं काम करायला शिकवायचा कार्यक्रम उभा केला आणि तो अनेक शाळांमध्ये पोचला. आपल्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक हायस्कूलमध्ये तसा आठवड्यातून एक तास हवा, मुलगे आणि मुली दोघांनाही, आणि पहिल्या तासाला समोर एक मोडका मिक्सर, एक जुना कार्बोरेटर आणि सहा वेगवेगळे स्क्रू ड्रायव्हर ठेवावेत. शिकवायला गावातला एखादा मिस्त्री बोलवा, तो आनंदानं येईल, मी तरी नक्की येईन.

आपल्या पेपरात रविवारी अर्धं पान घरासाठी असतं. त्यात एकदा खाचांची चित्रं खऱ्या मापात छापा, फिलिप्सचे चारही नंबर, पोझिड्राइव्ह, जपानी टिंबवाला, टॉर्क्स आणि सरळ खाच, म्हणजे लोकांना आपला स्क्रू कागदावर ठेवून जुळवता येईल. मापं लिहून द्यायला मी तयार आहे. जमलं तर जुलैच्या पहिल्या आठवड्यात छापा, होड्या तेव्हा वर ओढलेल्या असतात आणि माणसांना वाचायला वेळ असतो.

आपला नियमित वाचक,
एक रिपेरिंगवाला, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग